नाळेवरचा माड

चौल, जिल्हा कुलाबा
१२ नोव्हेंबर १९३२

नजमू,

सलाम आणि दुआ. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे, मग पुढचं वाच. तुला बरं आहे ना? "ठीक आहे, काळजी नसावी" असलं कारकुनी उत्तर मला नको. जेवतोस का, ताप येतो का, झोप लागते का, सगळं लिही.

विचारायचं कारण तुझा माड. न्हाणीमागचा. पाऊस उघडल्यापासून त्याच्या झावळ्या पिवळ्या पडायला लागल्यात. खालच्या पडल्या असत्या तर मी काही बोलले नसते, त्या पडायच्याच. पण ह्या मधल्या आहेत. पेंडीतले नारळ मुठीएवढे झाले की गळतात. बाजूचे माड बरे आहेत आणि हा एकटाच असा मान टाकून उभा. सकाळी उठून आधी त्याच्याकडे बघते आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही. परवा कालवणात दोनदा मीठ पडलं. तुझ्या दुल्हेभाईंनी निमूट खाल्लं आणि म्हणाले, "सफुरा, उद्यापासून माडाला जेवायला बसव, मी रेवदंड्याला खानावळीत जातो."

तू पण हसशील. हस. पण तुझी नाळ आईने तिथे पुरली आणि वर नारळ लावला तो माझ्या डोळ्यांदेखत. तुला गोवर निघाला त्या वर्षी त्याची कोवळी झावळी आतल्या आत करपली. तू आगबोटीवर चढलास त्या वर्षी त्याने पोय टाकली नाही, फुलोराच धरला नाही. आई जाताना म्हणाली होती, "पोर आणि माड, दोन्ही तुझ्या हवाली." पोर मोंबाशाला गेलं. उरला माड. त्याला मी काही कमी करत नाही. दर जुम्म्याला तुझ्या नावाने त्याच्या आळ्यात टोपलीभर सुक्या मासळीची कुटी आणि ओंजळभर मीठ, हे दुसऱ्या कुठल्या झाडाला मिळत नाही. तरी असं का व्हावं?

पत्र मिळताच उत्तर टाक.

तुझी आपा
सफुरा

*

मोंबासा
८ जानेवारी १९३३

आपा,

मला ताप नाही, खोकला नाही, आणि झोप इतकी लागते की सेहरीला अब्दुस्समद पाय ओढून उठवतो. हा अब्दुस्समद आपल्या उरणचा, बंदरात नोकरीला आहे आणि खोलीत माझ्याबरोबर राहतो. झालं समाधान? माणूस इकडे आणि त्याची नाडी तिकडे न्हाणीमागे, हे तुझं हकिमी शास्त्र मी इथे सगळ्यांना सांगितलं. खूप हसले. आपल्या मौलवीसाहेबांना कळवू का? चांगले झापतील तुला.

पण माडाचं दुखणं मला खरंच कळलं आहे. मी ज्या बागेची कोठी सांभाळतो ती आपल्यासारखीच समुद्राकाठची, वाळूची जमीन. पाणी घाल, घटकेत खाली निघून जातं. खत घाल, तेही पाण्याबरोबर जातं. इथला साहेब सांगतो की जमिनीत काहीतरी धरून ठेवणारं पाहिजे, आणि ते म्हणजे कुजलेला पाला. तू काय करतेस? दोन्ही वेळा वाडी झाडून आरशासारखी लख्ख करतेस आणि पाचोळ्याला काडी लावतेस. झाडाने टाकलेलं झाडाला परत मिळतच नाही. वर कुटी आणि मीठ. म्हणजे भात द्यायचाच नाही आणि रोज पानात नुसतं लोणचं वाढायचं. मीठ आधी बंद कर.

आता ऐक. सावलीतली जागा धर. खाली काटक्या पसर, त्यावर हातभर पाचोळा, केळीची सोपटं, भाजीची देठं, जे असेल ते. त्यावर शेणाचा पातळ काला शिंपड, मग थोडी राख आणि जुनी माती. पुन्हा पाचोळा, पुन्हा शेण. असं करत छातीपर्यंत ढीग चढव. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असू दे, चिखल नको. काही दिवसांनी ढीग आतून तापेल. हात घातलास तर चटका बसेल, सकाळच्या थंडीत वाफ दिसेल. घाबरू नकोस, ते चांगलं लक्षण आहे. साहेब त्याला कंपोस्ट म्हणतो, आमचे माळी काळं सोनं म्हणतात.

अजून बरंच लिहायचं होतं, पण रोज्याने डोकं दुखतंय. बाकी पुढच्या पत्रात. दुल्हेभाईंना सलाम.

नजमू

*

चौल
२० फेब्रुवारी १९३३

नजमू,

तुझं पत्र ईदनंतर हाती पडलं आणि दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले. मीठ बंद. काडी लावणं बंद. वाडीत काम करतो तो धर्मा आठवडाभर पाचोळा ओढत होता आणि माझ्याकडे बघत होता. अंगण झाडल्याशिवाय चहा न पिणारी बाय, आता कचरा गोळा करून माजघरातल्या पेटीसारखा जपते, म्हणून त्याला वाटलं मला बाधा झाली.

ढीग कुठे रचला विचार. थेट तुझ्या माडाच्या बुंध्याशी. ज्याच्यासाठी रांधायचं त्याच्यापुढेच चूल मांडलेली बरी. तू सांगितलंस तसेच थर दिले. पाचवे-सहावे दिवशी खरंच वाफ निघायला लागली रे! मी आणि शेजारची महेरुन्निसा पहाटे उभ्या राहून बघत होतो. तीच म्हणाली, अगं, सगळा कस निघून चाललाय. मला पटलं. इतकी वर्षं लग्नाच्या डेगी मी दमाला लावते. वाफ सुटली की बिर्याणीत राहिलं काय? माती आणि शेण कालवून सगळा ढीग वरून खालून लिंपून काढला, झाकणाला कणीक लावावी तसा, आणि वर पाटा ठेवला. आता आतलं सगळं आतच मुरेल.

एकच गोष्ट मनाला लागली. धर्मा संध्याकाळी आला, लांबोडका लिंपलेला ढीग बघून म्हणाला, "बाय, ही कोनाची कबर?" मी त्याला म्हटलं, आधी तोंड धू आणि मग बोल. तो खजील झाला बिचारा. पण तेव्हापासून मागच्या दारी गेले की मला ढीग दिसतच नाही, दुसरंच काही दिसतं. तुझ्या माडाच्या पायाशी! दुसरीकडे हलवावा असं मनात येतं आणि दम मोडेल म्हणून हात लावत नाही.

तू "डोकं दुखतंय" लिहिलंस. नुसतं रोज्याने? मोंबाशाला पाणी कसलं पितोस? उकळून पितोस का? माड आहे तसाच आहे, उत्तरेकडची एक झावळी आणखी लोंबली.

सफुरा

*

मोंबासा
२ एप्रिल १९३३

आपा,

हात मुरगळला आहे म्हणून मी सांगतोय आणि अब्दुस्समद लिहितोय. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तक्रार करू नकोस.

तो ढीग फोड! आज, आत्ता, हे पत्र खाली ठेव आणि फोड. ती डेग नाही, आपा. भात शिजतो तेव्हा मेलेला असतो, हा ढीग जिवंत असतो. त्याला श्वास लागतो. कोंडलास की आंबतो, सडतो, आणि झाडाला विष होतो. दर दोन-तीन आठवड्यांनी तो उलथायचा, बाहेरचा आत आणि आतला बाहेर, हे मी मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि मुख्य म्हणजे तो माडापासून लांब ने, विहिरीच्या बाजूला. न उलथलेल्या ढिगात शिंगवाला भुंगा अंडी घालतो आणि मोठा झाला की जवळच्या माडाच्या शेंड्यात शिरून गाभा पोखरतो. इथे आमच्या डोळ्यांपुढे असे माड गेले.

कबर म्हणतो काय धर्मा? त्याला सांग, नजमू अजून दोन वेळ जेवतो.

माड कसा आहे? नवी झावळी येते आहे का? ते मात्र पुढच्या पत्रात पहिल्या ओळीत लिही.

नजमू

*

चौल
२८ मे १९३३

नजमू,

फोडला. पत्र हातात होतं, धर्माला हाक मारायलाही थांबले नाही, स्वतःच कुदळ घातली. आतून जो भपकारा आला तो सांगत नाही. महेरुन्निसाने खिडक्या लावून घेतल्या, आणि दुल्हेभाई म्हणाले, "ही बिर्याणी कुठल्या लग्नाची?" पाला काळा, चिकट, ओला गोळा झाला होता. आणि त्यात अळ्या. पांढऱ्या, जाड, अंगठ्याएवढ्या, वाकड्या होऊन पडलेल्या. एक नाही दोन नाही. मी कोंबड्या सोडल्या. त्या खात होत्या आणि मी तुझ्या माडाच्या शेंड्याकडे बघत होते.

धर्मा वर चढला. आकडी घालून त्याने गाभ्यातून भुंगे ओढून काढले आणि खाली टाकले. काळे, चकचकीत. मग कोवळ्या झावळीच्या बेचक्यात वाळू आणि राख भरून उतरला. मी विचारलं, "काय वाटतं?" त्याने बाजूला बसून विडी पेटवली. मग मी खाली पडलेले भुंगे वेचून चुलीत घातले.

ढीग सगळा विहिरीपाशी नेला. सुका पाचोळा मिसळून नव्याने रचला आणि आता दर पंधरवड्याला उलथते. धर्मा करेल, पण मीच करते. दुसऱ्या वेळेला उलथला तेव्हा घाण गेलेली होती. हातात घेतलं तर मऊ, भुसभुशीत, नुसता मातीचा वास. पान कुठलं आणि देठ कुठला ओळखू येईना. मला एवढा आनंद झाला की कोणाला दाखवू असं झालं. आणि मग डोक्यात आलं, ज्याच्यासाठी केलं त्याच्यापर्यंत हे वेळेवर पोचलं का?

तुला पहिल्या ओळीत हवं होतं ते मी शेवटी लिहिते आहे. नवी झावळी अजून उघडलेली नाही. उघडेल.

आता माझं तू पहिल्या ओळीत लिही. कोणता हात मुरगळला? कसा? मुरगळलेल्या हाताने सही तरी करता येते. तीही अब्दुस्समदचीच होती. मी अक्षर ओळखते, नजमू. तुझ्या पाटीवर मीच तुझा हात धरून गिरवलंय.

सफुरा

*

चौल
१९ ऑगस्ट १९३३

नजमू,

तुझं पत्र नाही. आगबोटी बंद आहेत, टपाल पेणवरून येतं, उशीर होतो, हे सगळं मला पोस्टमनने समजावून सांगितलं. रोज सांगतो. आता तो लांबूनच हात हलवतो म्हणजे मी पावसात फाटकापर्यंत येऊ नये.

हात मोकळे राहिले की डोकं फिरतं, म्हणून वाडीत राबते. तुझं काळं सोनं तयार झालं. पोफळीच्या एका रांगेला अर्ध्यापर्यंत पुरलं, अर्धी रांग तशीच राहिली. तू बघायला हवं होतंस. जिथपर्यंत घातलं तिथपर्यंत पानं रुंद आणि गडद, आणि पुढे तीच पूर्वीची मरतुकडी. पावसाची उघडीप झाली तरी त्या बाजूची माती मुठीत धरली तर गोळा राहतो, दुसऱ्या बाजूची वाळू सांडून जाते. वांग्यांवर दरसाल कीड पडते, यंदा तीच रोपं ताठ उभी आहेत. कुदळ मारावी तर गांडुळं. ह्या जमिनीत मी जन्मात गांडूळ पाहिलं नव्हतं. दुल्हेभाई रेवदंड्याच्या बाजारात सांगत फिरतात की आमच्या बायकोने कचऱ्याचा धंदा काढलाय.

मी हे का लिहिते आहे? मला माहीत नाही. दुसरं काही लिहायला घेतलं की हात थांबतो. एक ओळ टाक, नजमू. शिव्या दे, पण तुझ्या अक्षरात दे.

सफुरा

*

मोंबासा
३० ऑगस्ट १९३३

सफुराआपा यांस अब्दुस्समदचे सलाम.

तुमच्याशी खोटं बोलण्यात माझाही हात होता, म्हणून आधी माफी मागतो. नजमूचा हात मुरगळला नव्हता. त्याला रमजानपासून ताप आहे. येतो, उतरतो, पुन्हा येतो. त्या पहिल्या पत्राच्या वेळीसुद्धा अंगात ताप होता आणि "रोज्याने" असं त्याने लिहिलं. आपाला कळलं तर ती झाडाखाली बसून जीव देईल म्हणाला. मे महिन्यात इस्पितळात ठेवलं, तिथेच आहे. कोयनेल चालू आहे. प्लीहा वाढली आहे, अंगात रक्त राहिलेलं नाही. डॉक्टर चांगला आहे, पण परवा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, घरचं कोणी आहे का.

मी हे लिहितो आहे ते एका कारणासाठी. तुमचं मेचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्या दिवसापासून तो एकच विचारतो, झावळी उघडली का. तापात असला की जास्तच. आम्ही आधी हसायचो, तोही हसायचा. आता कोणी हसत नाही. अन्न घेत नाही, म्हणतो, तिकडचं कळू दे, मग बघू. डॉक्टर म्हणतो, याने मनावर घेतलं पाहिजे.

आपा, माड बरा आहे असं दोन ओळी लिहून पाठवा. लवकर पाठवा.

अब्दुस्समद

*

चौल
२४ सप्टेंबर १९३३

अब्दुस्समदभाई यांस,

ह्या पाकिटात दोन कागद आहेत. लहान कागद नजमूला वाचून दाखवा. हा तुमच्यासाठी. वाचून जाळून टाका, त्याच्या उशाशी ठेवू नका.

माड गेला. जुलैच्या वादळात शेंडा मोडून खाली आला, आतून पोकळ होता. दोन महिने नुसता खांब उभा होता. नजमूला ऑगस्टात पत्र लिहिलं तेव्हाही तो माझ्यासमोर होता आणि मी वांग्यांचं लिहीत बसले. गेल्या आठवड्यात धर्मा म्हणाला, "बाय, हा उभा ऱ्हायला तर भुंगा दुसऱ्या माडांत जाईल. त्याच्यात जीव न्हाय आता." त्याने कुऱ्हाड घातली तेव्हा मी घरात कानात बोटं घालून बसले होते. आणि संध्याकाळी तुमचं पत्र आलं.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. पण तुम्ही मला जे लिहायला सांगता आहात ते लिहिताना माझं काय झालं ते मला एकटीलाच ठाऊक. माझ्या मनात आजवर एकच गोष्ट पक्की होती, माड गेला की माझा भाऊ गेला. म्हणून विचारते, आणि खरं सांगा. तुम्ही हे वाचत असताना तो आहे ना?

सफुरा

*

(सोबतचा लहान कागद)

नजमू,

झावळी उघडली. सरळ, पोपटी, उन्हात चकाकते आणि वाऱ्याने सळसळते. मी आत्ता तिच्याकडे बघतच लिहिते आहे. पेज पी. सगळी पी. उष्टी टाकायची नाही.

आपा

*

मोंबासा
२२ जानेवारी १९३४

आपा,

बघ, अक्षर माझं आहे. थोडं थरथरतं, पण माझं.

ईदची नमाज मी उभा राहून पढलो. नोव्हेंबरात ताप थांबला तो थांबलाच. डॉक्टर म्हणतो कोयनेलने, अब्दुस्समद म्हणतो दुआने. मला विचारशील तर त्या पोपटी झावळीने. अब्दुस्समदने तो कागद वाचला आणि मी पेज मागितली. रात्री डोळे मिटले की ती झावळी समोर हलायची. मी तुझी चेष्टा केली, सगळ्या मोंबाशाला हसवलं, आणि शेवटी मीच त्या झाडाच्या दांडीला धरून वर आलो. हसायची पाळी आता तुझी.

तुझ्यापासून लपवलं त्याचा राग धरू नकोस. खरं सांगतो, त्या पहिल्या पत्रात अंग इतकं दुखत होतं की ढीग उलथायचं लिहायचं राहून गेलं, आणि तुझा दम फुकट गेला. नशीब, माड त्यातूनही वाचला.

आता बातमी. साहेबाने दोन महिन्यांची रजा दिली आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली आगबोट. बकरीदला घरी असेन. त्यानंतर पाच वर्षांचा नवा करार आहे, त्याचं आल्यावर बोलू. पण आल्याबरोबर मी घरातसुद्धा शिरणार नाही. आधी न्हाणीमागे जाणार, माझ्या माडाला हात लावणार, आणि धर्माकडून त्याचंच एक शहाळं उतरवून तिथेच उभ्याने पिणार. इस्पितळात मी दुसरं काही मागितलं नाही.

नजमू

*

चौल
११ फेब्रुवारी १९३४

नजमू,

तुझं अक्षर बघून मी पाकीट फोडायच्या आधीच रडायला बसले. दुल्हेभाई धावत आले, त्यांना वाटलं भलतंच काही. मग तेही चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, चष्म्यावर धूळ फार येते.

आता हे पत्र तुला बोटीवर चढण्याआधी मिळालं पाहिजे. तू फाटकातून आत येऊन न्हाणीमागे धावावंस आणि तिथे नुसतं आभाळ दिसावं, हे मला नको. खाली बस आणि वाच. तुझा माड नाही. जुलैत त्याचा शेंडा पडला, सप्टेंबरात तो तोडला. तुला ती झावळी लिहून पाठवली तेव्हा त्याला पडून आठवडा झाला होता. झावळी मात्र खरी होती. शेजारच्या माडाची. तिच्याकडे बघून लिहिलं, म्हणजे निदान तेवढं तरी खोटं होऊ नये.

आता तू म्हणशील, मग मी वाचलो कसा? मीही तेच विचारत होते. अब्दुस्समदचं उत्तर येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. भाकरी थापताना हात तसाच राहायचा आणि तवा करपायचा. फाटक वाजलं की पिठाच्या हातानेच धावायचे. आणि मग त्याचं पत्र आलं, नजमू पेज पितो, पुन्हा मागतो. मी ते घेऊन न्हाणीमागे गेले. माड नाही, आणि तू आहेस! मला आधी आनंद झाला नाही, राग आला. एवढी वर्षं मी त्या झाडाला भीत होते. त्याचं पान हललं की माझा जीव हलायचा. लाडाने मीठ घालून घालून, दम देऊन देऊन मीच त्याला संपवलं, आणि तुला काही झालं नाही. अल्लाने तुझा जीव तुझ्यातच ठेवला होता, माझ्या आळ्यात नव्हता. हे दुल्हेभाई रोज सांगत होते, पण त्यांचं कोण ऐकतं.

पण ऐक, अजून आहे. तोडला त्या दिवशी खोडाजवळ त्याचे शेवटचे तीन नारळ सापडले, शेंड्याबरोबर खाली आलेले, आधीच्या पेंडीतले, चांगले पिकलेले. ते मला खाववेनात, विकवेनात. विहिरीपाशी ढिगाच्या कडेला ठेवून दिले आणि विसरले. त्याच्या झावळ्या, नारळांची सोडणं, सगळं चिरून ढिगातच घातलं होतं. खोडाचा धर्माने पाण्याच्या पाटावर साकव केला, म्हणजे भुंग्याला काही उरू नये. गेल्या महिन्यात ढीग उलथायला गेले तर एका नारळाला कोंब. बाकीचे दोन सडले, पण ह्याच्या मुळ्या सोडणातून बाहेर पडून थेट त्या काळ्या मातीत शिरल्या होत्या, मला सोडवता सोडवेनात. आज त्याला दोन पानं आहेत. कोवळी, अजून चिरली न गेलेली, सरळ वर. धर्मा म्हणतो, "बाय, एवढं ताकदीचं रोप मी बघितलं न्हाय." त्याला खायला काय मिळालंय ठाऊक आहे? त्याच्याच बापाच्या झावळ्या.

न्हाणीमागे, तुझी नाळ आहे तिथेच, मी कंबरभर खड्डा खणून घेतलाय. ढिगातलं सगळ्यात जुनं खत त्यात भरलंय. मीठ नाही. कुटी नाही. रोज संध्याकाळी जाऊन हात घालून बघते, गार आहे, भुसभुशीत आहे, काही चावत नाही. रोप मात्र मी लावणार नाही. धर्माला म्हटलंय, तूही हात लावायचा नाहीस. ते तू येऊन लावायचं.

मग त्याच्याच शहाळ्याचं पाणी तू पी, उभ्याने, बसून, तुला हवं तसं. पण सहा-सात वर्षं लागतात रे त्याला. रोज पाणी लागतं, पावसाळ्याआधी खत लागतं, शेंड्यात भुंगा बघावा लागतो. माझे गुडघे आता कुरकुरतात आणि दुल्हेभाई पाचोळ्यातून साप निघेल म्हणून तिकडे फिरकत नाहीत.

साहेबाचा करार तू आल्यावर बोलणार आहेस, बोल. मी ऐकेन. फक्त सही करण्याआधी एकदा ते रोप बघ. दोन महिन्यांत शहाळं मिळत नाही, नजमू.

आपा